महानगरपालिका शाळेपासून महाविद्यालयापर्यंत : पुणे शहरातील विद्यार्थ्यांच्या पूर्वतयारीचा विचार

प्रस्तावना

पुणे शहराला विद्येचे माहेरघर म्हणण्याची आपली जुनी रीत आहे. या माहेरघरी येणाऱ्या सर्वच लेकरांचे स्वागत सारखे होते काय, हा प्रश्न मात्र आपण क्वचित विचारतो. प्रथम वर्षाच्या वर्गात एकाच बाकावर बसणारे दोन विद्यार्थी दोन फार वेगळ्या वाटांनी तेथे आलेले असतात. एकाच्या घरात पदवी ही दोन-तीन पिढ्यांची परिचित गोष्ट असते. दुसरा येरवडा, जनता वसाहत, ताडीवाला रस्ता किंवा हडपसर परिसरातील महानगरपालिकेच्या शाळेतून आलेला असतो आणि घरातील पहिलाच महाविद्यालयीन विद्यार्थी असतो. गुणपत्रिकेवर दोघांचे गुण सारखे असू शकतात, परंतु दोघांची सिद्धता सारखी असतेच असे नाही.

दहावी उत्तीर्ण होणे आणि पुढील शिक्षणासाठी सिद्ध होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. अमेरिकेतील ओरेगॉन विद्यापीठातील अभ्यासक डेव्हिड कॉन्ली यांनी २००७ मध्ये महाविद्यालयीन सिद्धतेची चार अंगे मांडली : विचार करण्याची कौशल्ये, विषयज्ञान, अभ्यासाच्या सवयी आणि संदर्भज्ञान. प्रवेश कसा घ्यावा, शुल्काची सवलत कोठे मिळते, कोणता अर्ज केव्हा भरावा, कोणाला काय विचारावे ही व्यवस्थेची माहिती म्हणजे संदर्भज्ञान. पहिली तीन अंगे शाळेच्या वेळापत्रकात कमी-अधिक प्रमाणात येतात. चौथे अंग मात्र घरातून मिळते असे आपण गृहीत धरतो, आणि ज्याच्या घरात ते नाही त्याचे नुकसान तेथेच सुरू होते. पुणे शहरातील सार्वजनिक शाळांच्या संदर्भात ही सिद्धता कोठे खंडित होते आणि ती जोडण्यासाठी महाविद्यालयीन अध्यापकांना काय करता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात प्राथमिक शिक्षणाचा आग्रह धरला. त्याचबरोबर शिक्षण व्यवहारोपयोगी असावे, त्यात हिशेब, शेतीचे प्राथमिक ज्ञान आणि आरोग्याचे धडे असावेत, असेही सुचविले. उच्च शिक्षणावरील सरकारी खर्चाचा लाभ मूठभरांना होतो आणि कर भरणारा कष्टकरी समाज मात्र शिक्षणापासून दूर राहतो, ही त्यांची मुख्य तक्रार होती. १८७६ पासून काही वर्षे ते पुणे नगरपालिकेचे सदस्यही होते. पुढे १९११ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांनी केंद्रीय विधिमंडळात प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याविषयीचे विधेयक मांडले. ते संमत झाले नाही. १९१८ च्या कायद्याने मुंबई प्रांतातील नगरपालिकांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मुभा मिळाली आणि १९४७ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने या जबाबदारीला पुढील रूप दिले.

या क्रमातील एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. स्थानिक स्वराज्य संस्थांकडे सोपविलेली जबाबदारी प्रामुख्याने प्राथमिक शिक्षणाची होती. माध्यमिक शिक्षणाचा भार डेक्कन एज्युकेशन सोसायटी, शिक्षण प्रसारक मंडळी, रयत शिक्षण संस्था यांसारख्या खाजगी अनुदानित संस्थांनी उचलला. त्या संस्थांचे कार्य थोर आहे यात शंका नाही. परंतु परिणाम असा झाला की पुणे महानगरपालिकेच्या प्राथमिक शाळांचे जाळे विस्तृत राहिले, माध्यमिक शाळा त्या मानाने फारच थोड्या निघाल्या आणि त्यांतील बहुतेकांना जोडून कनिष्ठ महाविद्यालय नाही.

१ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्याचे संरक्षणही सहा ते चौदा वयोगटापुरते, म्हणजे आठवीपर्यंतचेच आहे. महाविद्यालयाची आणि व्यवसायाची खरी तयारी जेथून सुरू व्हावी, नेमक्या त्याच टप्प्यावर कायद्याचा हात सुटतो. या योगायोगाची किंमत विद्यार्थी मोजतो.

गळतीचे तीन सांधे

नळ बहुधा सांध्यापाशी गळतो. आपल्या शिक्षणव्यवस्थेचेही तसेच आहे. विद्यार्थी इयत्तेच्या मध्यापेक्षा एका व्यवस्थेतून दुसऱ्या व्यवस्थेत जाताना अधिक निसटतो. महानगरपालिका शाळेतील विद्यार्थ्याच्या वाटेवर असे तीन सांधे दिसतात.

पहिला सांधा आठवी आणि नववी यांच्यामधला. प्राथमिक शाळा संपते आणि दुसरी शाळा शोधावी लागते. नवी शाळा घरापासून दूर असते, मुलींच्या बाबतीत हे अंतर निर्णायक ठरते आणि चौदा वर्षांचा मुलगा घराला हातभार लावण्याजोगा झालेला असतो. या टप्प्यासाठी एक चांगली योजना उपलब्ध आहे. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती, म्हणजेच एनएमएमएस. शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतील आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी पुण्यातील महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद ही परीक्षा घेते. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाख रुपयांपेक्षा अधिक नसावे आणि सातवीत किमान ५५ टक्के गुण असावेत (अनुसूचित जाती-जमातींसाठी सवलत), अशी अट आहे. निवड झालेल्या विद्यार्थ्यास नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांत एकूण ४८,००० रुपये मिळतात. महाराष्ट्राचा कोटा ११,६८२ विद्यार्थ्यांचा आहे.

ही रक्कम श्रीमंत करणारी नाही. परंतु मुलाला कामावर पाठवावे की शाळेत, या घरातील चर्चेत ती शाळेच्या बाजूने बोलणारा एक मुद्दा ठरते. परीक्षेत बौद्धिक क्षमता आणि शालेय क्षमता अशा दोन चाचण्या असतात. बौद्धिक चाचणीतील अंकमालिका, आकृतिसंबंध यांसारखे प्रश्न शालेय पाठ्यपुस्तकात नसतात. त्यामुळे सरावाविना हुशार विद्यार्थीही त्यात अडतो. येथे हवी ती केवळ सरावाची संधी.

दुसरा सांधा दहावी आणि अकरावी यांच्यामधला. याचा विचार थोडा विस्ताराने करणे आवश्यक आहे.

अकरावीचा प्रवेश : माहितीची परीक्षा

पूर्वी पुणे-पिंपरी चिंचवडसह काही महानगर क्षेत्रांपुरती मर्यादित असलेली अकरावीची केंद्रीय ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया २०२५-२६ पासून संपूर्ण राज्यास लागू झाली. अर्जाचे दोन भाग असतात. पहिल्या भागात वैयक्तिक माहिती व कागदपत्रे, दुसऱ्या भागात महाविद्यालयांचे पसंतिक्रम. गुणवत्तेनुसार फेऱ्या होतात. प्रक्रिया पारदर्शक आहे आणि ओळखीपाळखीवर चालणाऱ्या जुन्या पद्धतीपेक्षा ती निःसंशय न्याय्य आहे. तथापि पारदर्शक व्यवस्थेचा लाभ घेण्यासाठीही ती वाचता यावी लागते.

नियम असा की, पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाल्यास तेथे प्रवेश घेणे बंधनकारक असते. तो न घेतल्यास विद्यार्थी पुढील नियमित फेऱ्यांतून बाहेर पडतो. समजा, ७२ टक्के गुण मिळविलेल्या एका विद्यार्थिनीने मैत्रिणीच्या सांगण्यावरून घराजवळचे एक स्वयंअर्थसहाय्यित महाविद्यालय पहिल्या क्रमांकावर लिहिले. पहिल्याच फेरीत ते तिला मिळते. घरी आनंद होतो. शुल्काचा आकडा समोर आल्यावर तो मावळतो. थोड्याच अंतरावरील अनुदानित तुकडीत तिचे गुण पुरेसे होते, पण ते नाव तिच्या यादीत दुसरे किंवा चौथे होते. अनुदानित, विनाअनुदानित आणि स्वयंअर्थसहाय्यित या तीन शब्दांतील फरक हजारो रुपयांचा आहे. तो शाळेत कोणत्याच विषयात शिकविला जात नाही.

दुसरा मुद्दा संस्थांतर्गत कोट्याचा. ज्या संस्थेची माध्यमिक शाळा आणि कनिष्ठ महाविद्यालय दोन्ही आहेत, त्या संस्थेच्या विद्यार्थ्यांसाठी १० टक्के जागा राखलेल्या असतात. महानगरपालिकेच्या बहुतेक शाळांना कनिष्ठ महाविद्यालयच नसल्यामुळे त्यांच्या विद्यार्थ्यास या दाराचा उपयोग नाही. कोणी मुद्दाम केलेला हा अन्याय नव्हे. वर सांगितलेल्या ऐतिहासिक रचनेचा तो आजचा परिणाम आहे. म्हणूनच त्याची भरपाईही जाणीवपूर्वक करावी लागेल.

तिसरा मुद्दा अकरावीशिवायच्या वाटांचा. दहावीनंतर अभियांत्रिकी पदविका, म्हणजे पॉलिटेक्निक, आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्था, म्हणजे आयटीआय, असे दोन महत्त्वाचे पर्याय आहेत. पुण्यात शासकीय तंत्रनिकेतन आणि औंधची औद्योगिक प्रशिक्षण संस्था ही त्यांची परिचित उदाहरणे. या दोन्हींची प्रवेशप्रक्रिया अकरावीहून स्वतंत्र संकेतस्थळांवर आणि स्वतंत्र वेळापत्रकानुसार चालते. अकरावीचा अर्ज भरला की सर्व काही झाले, अशा समजुतीत असलेला विद्यार्थी या मुदती चुकवितो.

येथे एक साधे गणित विद्यार्थ्यांपुढे मांडले पाहिजे. अकरावी-बारावीची दोन वर्षे आणि अभियांत्रिकी पदवीची चार वर्षे मिळून सहा वर्षे होतात. पदविकेची तीन वर्षे आणि थेट द्वितीय वर्षात प्रवेश घेऊन पदवीची उरलेली तीन, याही वाटेने सहाच वर्षे लागतात. फरक असा की, दुसऱ्या वाटेवर तिसऱ्या वर्षाअखेर हाती एक स्वतंत्र, नोकरीयोग्य पदविका असते. घरची परिस्थिती बिघडली तर तेथे थांबता येते आणि सावरली तर पुढे जाता येते. दोन वर्षांचा आयटीआय पूर्ण केलेल्यासही पदविकेच्या दुसऱ्या वर्षाचे दार उघडे असते. म्हणजे एकूण सात वर्षांत तोही पदवीपर्यंत पोहोचू शकतो. बारावीला विज्ञान शाखेत अपयश आल्यावर सर्व काही संपल्याचे मानणाऱ्या विद्यार्थ्यास ही आकडेमोड दहावीतच कळली असती, तर कदाचित त्याने वेगळा निर्णय घेतला असता.

बारावीनंतरचा सांधा

तिसरा सांधा बारावी आणि पदवी यांच्यामधला. येथे राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा, जेईई, नीट या परीक्षा येतात आणि त्यांच्याबरोबर शिकवणीवर्गांचे शुल्कही येते. या स्पर्धेत समान संधी निर्माण करणे एका महाविद्यालयाच्या आवाक्यातील गोष्ट नाही. परंतु प्रवेश मिळाल्यावर केवळ पैशाअभावी तो सोडावा लागू नये, एवढे निश्चित साधता येते.

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतील ज्या मुलींच्या पालकांचे वार्षिक उत्पन्न आठ लाख रुपयांपर्यंत आहे, त्यांना केंद्रीय प्रवेशप्रक्रियेद्वारे व्यावसायिक अभ्यासक्रमांत प्रवेश घेतल्यास शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क यांत पूर्ण सवलत मिळते. पुणे महानगरपालिकेच्याही दोन योजना आहेत. दहावीनंतर मौलाना अबुल कलाम आझाद यांच्या नावाची १५,००० रुपयांची आणि बारावीनंतर लोकशाहीर अण्णा भाऊ साठे यांच्या नावाची २५,००० रुपयांची. या योजनांत सर्वसाधारण विद्यार्थ्यांस ८० टक्के गुणांची अट असली, तरी महानगरपालिका शाळांतील विद्यार्थ्यांसाठी ती ७० टक्के आहे. ७४ टक्के मिळविणाऱ्या मुलाने 'आपल्याला बसत नाही' असे समजून अर्जच भरला नाही, असे घडू नये यासाठी ही अट वर्गात मोठ्याने वाचून दाखविली पाहिजे.

कागदपत्रांचे शिक्षण

गुण असतात, इच्छा असते, योजनाही असते. अडते ते कागदापाशी. महानगरपालिका शाळांतील अनेक कुटुंबे मराठवाडा, सोलापूर, विदर्भ या भागांतून स्थलांतरित झालेली आहेत. व्यावसायिक अभ्यासक्रमात राखीव जागेवर प्रवेश घेण्यासाठी केवळ जातीचा दाखला पुरत नाही. जात वैधता प्रमाणपत्र लागते. त्यासाठी अनुसूचित जातींच्या बाबतीत १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींच्या बाबतीत २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागास वर्गाच्या बाबतीत १३ ऑक्टोबर १९६७ या दिनांकांपूर्वीचे जातीचे व वास्तव्याचे पुरावे अपेक्षित असतात.

ज्याचे आजोबा शाळेत गेले, त्याच्याकडे त्यांच्या शाळेच्या निर्गम उताऱ्यावर जातीची नोंद असते. ज्याच्या घरात वडीलही शाळेत गेले नाहीत, त्याने काय दाखवावे? त्याला गावी जाऊन चुलत घराण्यातील कोणाचा तरी दाखला, गाव नमुना क्रमांक १४, कोतवाल बुकातील जन्माची नोंद असे काही शोधावे लागते. म्हणजे ज्याची मागील पिढी शिक्षणापासून अधिक वंचित, त्याच्यावर पुराव्याचा भार अधिक. या शोधाला महिने लागतात. निकाल आणि प्रवेशाची अंतिम मुदत यांत मात्र काही आठवडेच असतात.

यावर उपाय एकच, तो म्हणजे शोधाचा आरंभ आधी करणे. नववीत असतानाच विद्यार्थ्याच्या कागदपत्रांची यादी तयार व्हावी : जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, लागू असल्यास नॉन-क्रीमिलेअर प्रमाणपत्र, आधारशी जोडलेले बँक खाते. यांपैकी काय आहे, काय नाही आणि नसलेले कोणत्या कार्यालयातून मिळते, हे एका कागदावर यावे. आधार कार्डावरील, शाळेच्या जनरल रजिस्टरमधील आणि पुढे गुणपत्रिकेवर येणारे नाव यांत तफावत असल्यास तीही याच वेळी दूर करावी, कारण शाळा सोडल्यानंतर अशी दुरुस्ती किचकट होते. अकरावी विज्ञान शाखेत प्रवेश घेतल्यावर कनिष्ठ महाविद्यालयामार्फत जात पडताळणीचा अर्ज करता येतो. ती संधी बारावीच्या निकालापर्यंत लांबवू नये. हे काम रूक्ष आहे. त्यातून पाठ्यक्रम शिकविल्याचे समाधान मिळत नाही. तथापि एखाद्या मुलीचे अभियांत्रिकीचे वर्ष वाचणे किंवा बुडणे अनेकदा याच रूक्ष कामावर अवलंबून असते.

भाषेचा प्रश्न

महानगरपालिकेच्या शाळा मराठी, इंग्रजी आणि उर्दू अशा निरनिराळ्या माध्यमांच्या आहेत. काही इंग्रजी माध्यमाच्या शाळा आकांक्षा फाउंडेशनसारख्या संस्थांच्या भागीदारीत चालतात. मराठी किंवा उर्दू माध्यमातून आलेला विद्यार्थी अकरावी विज्ञानाच्या वर्गात येतो, तेव्हा अध्यापनाची भाषा एका रात्रीत बदलते.

या बदलाचे स्वरूप नीट समजून घ्यावयास हवे. 'त्वरण' म्हणजे काय हे त्याला माहीत असते. 'ॲक्सिलरेशन' हा शब्द फळ्यावर आला की तो गोंधळतो. 'संयुजा' त्याने पाठ केलेली असते, 'व्हॅलन्सी' त्याला परकी वाटते. 'अपवर्तन' आणि 'रिफ्रॅक्शन', 'बहुपदी' आणि 'पॉलिनॉमियल' यांचेही तसेच. ही संकल्पनेची उणीव नसून नावाची अनोळख आहे. अध्यापकाने तिला अज्ञान समजले, तर विद्यार्थीही लवकरच स्वतःला अज्ञानी समजू लागतो. आपल्या मूल्यांकनाच्या परिभाषेत अशा मुलांची नोंद 'मंदगती अध्ययनार्थी' या रकान्यात सहज होते. वास्तविक तो मंद नसतो. तो एकाच वेळी दोन विषय शिकत असतो, पदार्थविज्ञान आणि पदार्थविज्ञानाचे इंग्रजी.

बालभारतीच्या अलीकडील विज्ञान पुस्तकांत मराठी संज्ञांसोबत इंग्रजी संज्ञाही दिलेल्या आहेत. त्यांच्या आधारे प्रत्येक विषयाच्या दोन-अडीचशे संज्ञांची द्वैभाषिक सूची करणे आणि पहिले दोन आठवडे तिच्या साहाय्याने अध्यापन करणे कोणत्याही विभागास शक्य आहे. कोविडच्या काळानंतर २०२१ मध्ये राज्यात शालेय स्तरावर सेतू अभ्यासक्रम राबविला गेला होता. ती कल्पना आपत्तीपुरती न ठेवता कनिष्ठ महाविद्यालयाच्या उंबरठ्यावर कायमची आणावयास हवी.

व्यवसायशिक्षण : कौशल्य की वर्गवारी?

महाविद्यालयाची तयारी आणि व्यवसायाची तयारी यांना परस्परविरोधी मानण्याची चूक आपल्याकडे जुनी आहे. महाराष्ट्राने या दिशेने प्रयोग केले नाहीत असे नाही. उच्च माध्यमिक स्तरावर द्विलक्षी अभ्यासक्रम आले, किमान कौशल्यावर आधारित अभ्यासक्रम आले. २०१५-१६ पासून काही शाळांत नववीपासून राष्ट्रीय कौशल्य आराखड्यानुसार व्यवसाय विषय सुरू झाले. असे असूनही 'असर' २०२३ च्या अहवालानुसार, ग्रामीण भारतातील १४ ते १८ वयोगटात व्यवसाय प्रशिक्षण घेणाऱ्यांचे प्रमाण केवळ ५.६ टक्के होते. शहरांची स्थिती यावरून थेट सांगता येणार नाही, परंतु प्रश्नाची व्याप्ती कळते.

पुणे जिल्ह्यातच एक वेगळा प्रयोग झाला. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये शिरूर तालुक्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम सुरू केला. आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांनी आठवड्यातील एक दिवस प्रत्यक्ष काम करावे, त्यात अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य असे सर्व प्रकार असावेत आणि कामातून विज्ञान समजावे, ही त्यामागील भूमिका होती. 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' या नावाने राज्य मंडळाने १९८७ मध्ये या विषयास मान्यता दिली. या प्रयोगाचे मर्म असे की, त्यात विद्यार्थ्यास एका धंद्यात बांधून टाकलेले नाही. हातांनी केलेले काम हे बुद्धीच्या विकासाचे साधन मानले आहे.

हा फरक महत्त्वाचा आहे, कारण व्यवसायशिक्षणाच्या नावाखाली गरिबांच्या मुलांना हलक्या कामांकडे वळविण्याचा धोका नेहमी असतो. १९५३ मध्ये मद्रास राज्यात सी. राजगोपालाचारी यांनी आणलेल्या योजनेत मुलांनी अर्धा वेळ शाळेत आणि उरलेला वेळ घरच्या व्यवसायात घालवावा असे होते. ती जातिव्यवस्थेचे पुनरुज्जीवन करील, अशी तीव्र टीका झाली आणि १९५४ मध्ये ती मागे घेण्यात आली. फुल्यांना अभिप्रेत असलेले व्यवहारोपयोगी शिक्षण आणि हे शिक्षण यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. म्हणून महानगरपालिका शाळेत व्यवसाय मार्गदर्शन करताना एक कसोटी लावावी : हाच सल्ला आपण आपल्या स्वतःच्या मुलास दिला असता काय?

राज्य मंडळाने श्यामची आई फाउंडेशनच्या साहाय्याने २०१६ पासून काही वर्षे दहावीच्या विद्यार्थ्यांची कल चाचणी घेतली. कृषी, वाणिज्य, ललित कला, तांत्रिक, गणवेशधारी सेवा अशा क्षेत्रांतील विद्यार्थ्याची आवड त्यातून कळत असे. हेतू उत्तम होता. परंतु आवड ही ओळखीतून निर्माण होते. ज्याने रिक्षाचालक, शिपाई, पोलीस आणि शिक्षक एवढेच व्यवसाय जवळून पाहिले आहेत, त्याचा कल त्या मर्यादेतच दिसणार. म्हणून चाचणीच्या आधी परिचय हवा. प्रयोगशाळा तंत्रज्ञ, लेखापरीक्षक, भूमापक, परिचारिका, ग्रंथपाल यांचे काम प्रत्यक्ष पाहिल्यावरच 'मला काय आवडते' या प्रश्नाला अर्थ येतो.

महाविद्यालयांची भूमिका

हे सर्व शाळेचे काम आहे, असे म्हणून महाविद्यालयीन अध्यापकांना बाजूला होता येणार नाही. शाळेने कोठे तयारी कमी पडू दिली हे शाळेला कळतच नाही, कारण तिचा विद्यार्थी पुढे काय करतो याची वार्ता तिच्यापर्यंत पोहोचत नाही. ती आपल्याला दिसते. या दृष्टीने पुढील गोष्टी विद्यमान चौकटीतच शक्य आहेत.

प्रत्येक महाविद्यालयाने आपल्या परिसरातील एका महानगरपालिका माध्यमिक शाळेशी कायमचे नाते जोडावे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार राज्यातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झालेल्या पदवी अभ्यासक्रमात क्षेत्रप्रकल्प आणि सामाजिक सहभाग यांना श्रेयांक आहेत. नववीच्या विद्यार्थ्यांची कागदपत्रांची यादी करणे, एनएमएमएससाठी आठवीचा सराव घेणे, पसंतिक्रम भरण्याची रंगीत तालीम करून घेणे हे त्यातील उत्तम प्रकल्प ठरतील. शक्यतो हे काम अशाच शाळेतून आलेल्या आपल्या विद्यार्थ्यांकडे सोपवावे. त्यांच्याकडे पाहून शाळेतील मुलांना जे कळते, ते आपल्या व्याख्यानातून कळत नाही.

प्रवेशानंतर पहिल्या पंधरवड्यात साधी निदान चाचणी घ्यावी आणि तिचा उपयोग वर्गवारीसाठी न करता अध्यापनाचा आरंभबिंदू ठरविण्यासाठी करावा. शुल्क सवलती, महाडीबीटी संकेतस्थळावरील अर्ज, विद्यापीठाची 'कर्मवीर भाऊराव पाटील कमवा व शिका' योजना यांची माहिती सूचनाफलकावर लावून न थांबता वर्गात सांगावी. पुण्यात १९५५ पासून कार्यरत असलेल्या विद्यार्थी सहाय्यक समितीसारख्या संस्थांनी एक गोष्ट सिद्ध केली आहे : गरजू विद्यार्थ्यास निवाऱ्याइतकीच विचारपूस करणाऱ्या माणसाची गरज असते. आणि ज्याचे शिक्षण तरीही खंडित झाले, त्याला सतरा नंबरचा फॉर्म, रात्रशाळा, राष्ट्रीय मुक्त विद्यालय आणि यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ या परतीच्या वाटा ठाऊक असाव्यात. वर्षअखेरीस संबंधित शाळेला तिच्या माजी विद्यार्थ्यांच्या प्रगतीचे एक पानी टिपण पाठवावे. खर्च शून्य, आणि शाळेला प्रथमच कळेल की तिच्या कामाचे पुढे काय झाले.

समारोप

महाविद्यालयीन आणि व्यावसायिक सिद्धता ही गुणांइतकीच माहिती, कागदपत्रे, भाषा आणि परिचय यांची बनलेली असते. पुण्यातील महानगरपालिका शाळांतील विद्यार्थी या चारही बाबतींत मागे राहतो. त्याचे कारण त्याची बुद्धी नव्हे. माध्यमिक शिक्षणाची सार्वजनिक जबाबदारी ऐतिहासिकदृष्ट्या अपुरी राहिली, हे ते कारण होय. ती उणीव पूर्णपणे भरून काढण्यासाठी महानगरपालिका आणि शासन यांचे धोरण बदलावे लागेल. महानगरपालिकेच्या माध्यमिक शाळांना जोडून कनिष्ठ महाविद्यालये सुरू करणे ही त्यातील पहिली मागणी असावी. परंतु धोरण बदलेपर्यंत दरवर्षी जून महिना येणारच आणि दहावी झालेली मुले पुढची वाट विचारीत फिरणारच. त्यांना वाट सांगण्यासाठी शासन निर्णयाची आवश्यकता नाही. आपल्या महाविद्यालयापासून जवळची महानगरपालिका शाळा कोणती आणि तेथे नववीत किती मुले आहेत, एवढी माहिती मिळविण्यापासून आपणांस आरंभ करता येईल.